शंखातला जीव : कोकण किनाऱ्यावर तो किती वेचावा आणि कसा खावा?

खडपवाट (धागालेखन)

मंडळी, नमस्कार. कोकणात तिसऱ्या, कालवे, मुळे आणि शिनाणे या शिंपल्यांना ताटात मान आहे; त्यांच्या पाककृतींवर, भावावर आणि हंगामावर आपण तासन्‌तास बोलू शकतो. त्याच खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावर, आणि त्याच चिखलात राहणाऱ्या शंखगोगलगायींचा विषय मात्र क्वचितच निघतो. ओहोटीला कालवे काढायला गेलेल्या बायका टोपलीत थोडे शंखही घालून आणतात, ते घरी उकडले जातात आणि घरातच संपतात. गेल्या काही वर्षांत इंग्लंड, फ्रान्स आणि कोरियातील ‘व्हेल्क’ या खाद्यशंखाच्या चित्रफिती आपल्याकडे आवडीने पाहिल्या जाऊ लागल्या, आणि तेव्हापासून ‘हे आपल्या किनाऱ्यावर मिळते का, मिळत असेल तर विकता का येत नाही’ अशी विचारणा ऐकू येते. त्या विचारणेला नीट उत्तर मिळावे म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. युरोपात खाल्ला जाणारा व्हेल्क, म्हणजे बक्सिनम अंडेटम, हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला प्राणी आहे आणि तो अरबी समुद्रात राहत नाही. आपल्याकडे त्याच्या नात्यातले आणि त्याच्यासारखे जगणारे अनेक शंख आहेत. वाळूमिश्रित चिखलात स्वतःला पुरून घेणारा, पांढऱ्या कवचावर तपकिरी डाग असलेला बॅबिलोनिया स्पायराटा हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा, कारण परदेशी बाजारात ‘व्हेल्क’ या नावाखाली भारतातून जातो तो प्रामुख्याने हाच आणि त्याचा भाऊबंद बॅबिलोनिया झेलॅनिका. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा-नीण्डकरा परिसरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्यांची मासेमारी होते. याशिवाय खडपाच्या भेगांत दाटीने बसणारे लहान, गोलसर नेरिटा, कालवांच्या थरांवर फिरणारे काटेरी मुरेक्स कुळातले शंख आणि खोल पाण्यातून जाळ्यात येणारे मोठे शंख असा आपला परिवार बराच मोठा आहे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत आरंभीच स्पष्टपणे मांडतो. शंखाकडे आपण शिंपल्याच्या सवयीने पाहतो, आणि तेच धोक्याचे आहे. तिसरी किंवा कालव पाणी गाळून पोट भरते, आपली बीजे पाण्यात सोडून देते आणि तिची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. शंखांपैकी जे आपण खाण्याजोगे मानतो त्यांतले बहुतेक शिकारी किंवा मृतभक्षक आहेत. त्यांच्यात नर-मादी वेगळे असतात, त्यांचे मीलन होते, आणि मादी आपली अंडी चामड्यासारख्या कोषांत घालून ती दगडाला किंवा शिंपल्याला चिकटवते. ज्याचे जगणे इतके वेगळे आहे, त्याच्या वेचणीचे आणि साफ करण्याचे नियमही वेगळेच असले पाहिजेत. जाणकारांनी आपापल्या भागातला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

दर्यासोबती

खडपवाट, विषय चांगला निवडला आहे. आमचे घर हर्णै बंदराच्या परिसरातले, त्यामुळे जाळ्यात काय येते ते रोज डोळ्यांसमोर असते. कोळंबीसाठी तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात शंख येतातच. त्यांना कुणी मुद्दाम धरायला जात नाही. मोठे आणि देखणे शंख खलाशी बाजूला काढतात, कारण कवचाला गिऱ्हाईक असते. मधल्या आकाराचे पुन्हा समुद्रात फेकले जातात किंवा मत्स्यभुकटीसाठी जाणाऱ्या ढिगात मिसळले जातात, आणि ज्याला आवड आहे तो खलाशी थोडे घरी नेतो. त्यामुळे ‘आपल्याकडे शंख किती आहेत’ याचा अंदाज लिलावाच्या वाळूवर उभे राहून कधीच येणार नाही, कारण तिथे पापलेट, सुरमई आणि कोळंबी यांचाच हिशेब होतो.

जाळ्यातून आलेला शंख जिवंत आहे की नाही, हे ओळखण्याची आमच्याकडची रीत सांगतो. जिवंत शंखाच्या तोंडावरचे झाकण बोटाने हलकेच दाबले की ते आत ओढले जाते आणि घट्ट बसते. झाकण सैल पडलेले असेल, शरीर बाहेर लोंबत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर तो शंख ताटासाठी घेऊ नये. मेलेल्या शंखाचे मांस फार लवकर बिघडते.

भरतीओहोटी

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन किनाऱ्यावर जाणे हा माझ्या कामाचा भाग आहे. खडपवाट यांच्या मूळ मुद्द्याला शास्त्राचा आधार भक्कम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मांसाहारी शंखाच्या शरीरात तीन गोष्टी पाहण्यासारख्या असतात. पहिली म्हणजे पुढे लांब होणारी नळी, जिच्यातून तो पाणी आत घेतो आणि त्या पाण्यातला गंध ओळखतो. बॅबिलोनिया दिवसभर वाळूत पुरलेला असतो, केवळ ही नळी वर असते, आणि जवळपास मेलेला मासा पडला की तिथे असे अनेक शंख गोळा होतात. पिंजऱ्यात आमिष ठेवून शंख पकडण्याची जगभरची पद्धत याच गुणावर उभी आहे. इंग्लंडमध्ये पिंजऱ्यात खेकडा किंवा मुशीसारख्या माशाचे तुकडे ठेवतात. दुसरी गोष्ट म्हणजे सोंड आणि तिच्या टोकाशी असलेली, बारीक दातांच्या ओळींनी भरलेली जीभ. तिसरी म्हणजे जाड, स्नायूंचा पाय. आपण जे मांस खातो ते मुख्यतः हेच.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, सापडणाऱ्या रिकाम्या शिंपल्यांत अनेकदा एक नेटके गोल भोक दिसते आणि मुले त्यात दोरा ओवून माळा करतात. ते भोक शंखाने पाडलेले असते. नॅटिका कुळातला गुळगुळीत, गोलाकार शंख वाळूखाली शिंपल्याला आपल्या पायात वेढून धरतो आणि आम्लयुक्त स्राव व दातेरी जीभ यांच्या मदतीने कवच भेदतो; त्याने पाडलेल्या भोकाची कड उतरती, वरून रुंद आणि आत अरुंद अशी असते. मुरेक्स कुळातल्या शंखाने पाडलेले भोक बहुधा सरळ भिंतीचे असते. याच नॅटिकाची अंडी वाळू आणि चिकट स्राव यांच्या कॉलरसारख्या पट्टीत असतात आणि ओहोटीला अशा पट्ट्या पुळणीवर पडलेल्या दिसतात. बहुतेक लोक त्यांना प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा समजून तुडवतात. कृपया त्या तशाच राहू द्याव्यात.

आता प्रजननाविषयी, कारण वेचणीचा सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो. युरोपातल्या व्हेल्कची मादी कोषांचा मोठा पुंजका घालते. एकेका कोषात शेकडो अंडी असतात, पण त्यांतून मोजकीच पिल्ले बाहेर पडतात, कारण उरलेली अंडी हे त्या पिल्लांचे अन्न असते. पिल्लू बाहेर येते ते छोट्या शंखाच्या रूपातच, आणि जिथे जन्मले त्याच परिसरात सरपटत मोठे होते. पाण्याबरोबर वाहत जाणारी अवस्था त्याच्या आयुष्यात नाही. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे व्हेल्क संपले तर दुसरीकडून ते सहजासहजी येत नाहीत. युरोपीय नियमांनुसार 45 मिलिमीटरपेक्षा लहान व्हेल्क किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि अनेक ठिकाणी तो त्या मापालाही प्रौढ झालेला नसतो असे आढळल्यामुळे इंग्लंडच्या काही भागांत मर्यादा आणखी वाढवावी लागली.

आपला बॅबिलोनिया या बाबतीत वेगळा आहे. त्याच्या कोषांतून पोहणारी पिल्ले बाहेर पडतात आणि काही काळ पाण्यात तरंगून मग तळाशी बसतात, म्हणून त्याला पसरण्याची संधी अधिक मिळते. थायलंडमध्ये बॅबिलोनिया एरिओलाटा या त्याच्या जवळच्या जातीची पिल्ले उबवणी केंद्रात तयार करून तिचे संवर्धन केले जाते, ते याच ज्ञानावर. पण एका जातीचे सोयीचे आहे म्हणून सर्व शंखांना तोच नियम लावता येत नाही. आपल्या खडपावरच्या प्रत्येक जातीचे प्रजनन वेगळे तपासावे लागते, आणि ते तपासण्याआधी बाजार उभा राहिला तर तपासायला काही उरणार नाही, ही माझी खरी काळजी आहे.

वाटपघर

भरतीओहोटी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून पुळणीवरच्या त्या वाळूच्या पट्ट्यांचा उलगडा झाला, त्याबद्दल आभार. मी स्वयंपाकाच्या बाजूने लिहिते. माझे माहेर मालवणचे आणि सासर अलिबागकडचे, त्यामुळे दोन्हीकडचे शंख मी रांधले आहेत.

शंख आणल्यावर प्रथम ते समुद्राच्या किंवा तितक्याच खारट पाण्यात काही तास ठेवावेत, म्हणजे वाळू आणि चिखल सुटतो. गोड्या पाण्यात ठेवल्यास ते मरतात. नंतर कवचे घासून धुवावीत आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडावीत. लहान नेरिटांना थोडा वेळ पुरतो. मोठ्या शंखाला अधिक. मांस आतून सुटले की दाभणाने किंवा जाड सुईने ते टोचून, शंखाच्या वळणाच्या दिशेने फिरवत बाहेर काढावे. सरळ ओढल्यास मागचा भाग तुटून आत राहतो. बाहेर आल्यावर झाकण काढावे, शेवटचा मऊ, काळपट-हिरवट वेटोळा संपूर्ण कापून टाकावा आणि उरलेला पांढरा-पिवळसर पाय मीठ लावून चोळून धुवावा, म्हणजे बुळबुळीतपणा जातो.

पायाचे मांस चिवट असते, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. ते एक तर पातळ काप करून फार थोडा वेळ परतावे किंवा मंद आचेवर बराच वेळ शिजवून मऊ करावे. मधल्या वेळेला ते रबरासारखे लागते. माहेरी कांदा, ठेचलेली लसूण, मालवणी मसाला आणि आमसूल घालून सुके करतात व शेवटी ओले खोबरे पेरतात. तांदळाच्या भाकरीबरोबर ते उत्तम लागते. सासरी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण घालून अंगाबरोबर रस ठेवण्याकडे कल आहे. मला व्यक्तिशः सुके अधिक पसंत आहे, कारण दाट वाटणाखाली शंखाची मूळची गोडसर चव दडपली जाते. इंग्लंडमध्ये उकडलेला व्हेल्क नुसत्या व्हिनेगर आणि मिरपुडीबरोबर खातात, फ्रान्समध्ये लसणाच्या घट्ट मेयोनेझबरोबर, आणि कोरियात तिखट-आंबट चटणीत काकडी-कांद्यासह कालवून. त्या तिसऱ्या प्रकाराची चव आपल्या जिभेला सर्वांत जवळची वाटेल.

मुचकुंदी

वाटपघर यांनी तो काळपट वेटोळा काढायला सांगितले आहे. आमच्या घरी मात्र जुनी माणसे तो भाग चवीचा म्हणून खातात. तो काढणे खरोखरच आवश्यक आहे का?

खडपवाट

मुचकुंदी, होय, आवश्यक आहे, आणि तुमच्या प्रश्नाला ठोस उत्तर देण्याजोगी माहिती उपलब्ध आहे.

तो वेटोळा म्हणजे शंखाची पचनग्रंथी आणि आतड्याचा भाग. शंखाने जे खाल्ले त्यातले नको ते सगळे तिथे साठते. जपानमध्ये 1965 साली सुरुगा उपसागरातले बॅबिलोनिया जपोनिका, म्हणजे आपल्या बॅबिलोनियाचेच नातलग, खाऊन लोकांना विषबाधा झाली. दृष्टी अंधूक होणे, बाहुल्या विस्फारणे, घसा कोरडा पडणे अशी लक्षणे दिसली. पुढे त्या शंखांच्या पचनग्रंथीतून जे विष वेगळे केले गेले त्याला उपसागराच्या नावावरून सुरुगाटॉक्सिन हे नाव मिळाले. पायाचे मांस आणि पचनग्रंथी यांत फरक करणे हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नाही, हे या घटनेवरून ध्यानात यावे. शिसे आणि कॅडमियम यांसारखे धातूही याच ग्रंथीत अधिक प्रमाणात साठतात, म्हणून औद्योगिक वसाहतींचे सांडपाणी ज्या खाड्यांत उतरते तिथले शंख मी मुळीच खाणार नाही आणि कोणाला सुचवणारही नाही.

दुसरे विष लाळग्रंथीत असते. उत्तर गोलार्धाच्या थंड समुद्रांतल्या नेपच्युनिया या व्हेल्कसदृश शंखांत टेट्रामाइन नावाचे द्रव्य आढळते. त्यामुळे डोकेदुखी, चक्कर, एकाची दोन दिसणे असा त्रास होतो, आणि उकळल्याने ते नष्ट होत नाही. जपान आणि युरोपात म्हणूनच या शंखांच्या पिवळसर लाळग्रंथी कापून टाकण्याची रीत आहे. मोठा शंख उभा चिरला तर सोंडेजवळ या ग्रंथी दिसतात. आपल्या मोठ्या शंखांच्या बाबतीतही चिरून आतले मऊ भाग काढून टाकणे हाच शहाणपणा आहे.

ज्यांना कोळंबी-खेकड्याची किंवा घरातल्या धुळीतील सूक्ष्म किडींची ॲलर्जी आहे, त्यांनी शंख प्रथमच खाताना विशेष जपावे, कारण या सर्वांतल्या काही प्रथिनांत साम्य असते. एरवी शंखाचे मांस पौष्टिक आहे. व्हेल्कच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

देवगडची वाट

मुलांना घेऊन ओहोटीला खडपावर जायची इच्छा आहे. वेचणे नाही, केवळ पाहणे. कोणत्या वेळी जावे आणि कशापासून सांभाळावे?

भरतीओहोटी

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पाणी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत खाली जाते. सकाळची वेळ उजेडामुळे आणि उन्हाच्या दृष्टीने मुलांना बरी. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, असल्यामुळे खडपाचा थोडाच भाग उघडा पडतो. उत्तरेकडे अलिबाग-मुरूडला भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे आणि दक्षिणेकडे देवगड-वेंगुर्ल्याला तो कमी होत जातो, त्यामुळे तुमच्याकडे हा दिवस अधिक काळजीने निवडावा लागेल. पाणी वळले की लगेच परत फिरावे.

सांभाळायचे ते कोन शंखापासून. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, वर रुंद व खाली निमुळता असा हा शंख दिसायला सुंदर असतो आणि मुलांचा हात प्रथम त्याच्याकडेच जातो. त्याच्या सोंडेत विषारी, भाल्यासारखा दात असतो. काही जातींचा दंश माणसाचा प्राण घेऊ शकतो आणि त्यावर प्रतिविष उपलब्ध नाही. याच विषापासून तीव्र वेदनांवरचे झिकोनोटाइड हे औषध तयार झाले आणि अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली, ही त्याची दुसरी बाजू. जिवंत कोन शंख कोणत्याही टोकाने धरू नये, खिशात तर कधीच ठेवू नये.

रिकामे शंखही शक्यतो तिथेच राहू द्यावेत, कारण शंखात राहणारे खेकडे वाढत्या वयात मोठे घर शोधत असतात आणि चांगला रिकामा शंख त्यांच्यासाठी दुर्मीळ असतो.

दर्यासोबती

यात कायद्याची भर घालतो. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर आहे. तिथून शंख-शिंपले उचलण्याचा विचारही करू नये. अभयारण्याबाहेरही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो. त्याच्या अनुसूचींत 2001 साली शंख-शिंपल्यांच्या अनेक जाती घालण्यात आल्या. शिंगवाला मोठा हेल्मेट शंख, ट्रायटन शंख आणि बोटांसारखे फाटे असलेले काही लॅम्बिस शंख त्यांत आहेत. पर्यटनस्थळी दुकानात मांडलेला शंख कायदेशीर असेलच असे नाही.

दुकानांचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो, कारण तिचा व्हेल्कशी थेट संबंध आहे. दक्षिणावर्ती शंख म्हणून मोठ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या शंखांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क हमखास सापडतो. हा शंख स्वभावतःच उलट्या दिशेने वळलेला असतो आणि तिकडे तो मुळीच दुर्मीळ नाही. पूजेचा खरा शंख टर्बिनेला पायरम या जातीचा. त्यातला उलट वळणाचा नमुना अत्यंत विरळा. ओळखण्याची खूण अशी, की खऱ्या शंखाच्या तोंडात आतल्या मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, आणि लाइटनिंग व्हेल्कमध्ये तशा घड्या नसतात. श्रद्धेने पैसे मोजणाऱ्या माणसाची फसवणूक होऊ नये, एवढ्यासाठी ही खूण सर्वांनी पाहून ठेवावी.

वाटपघर

झाकणाविषयी एक आठवण द्यावीशी वाटते. उटण्यात आणि धुपात जो नखला घालतात, तो अशाच शंखांच्या तोंडावरच्या झाकणांपासून मिळतो. शंखाचे मांस ताटात, झाकण धुपात आणि कवच भट्टीत भाजून चुन्यासाठी, असा पूर्ण उपयोग जुन्या किनारी जीवनात होता.

खडपवाट

सर्वांचे प्रतिसाद मोलाचे आहेत. आता बाजाराच्या प्रश्नावर माझे म्हणणे पूर्ण करतो.

दर्यासोबती यांनी सांगितले त्याप्रमाणे जाळ्यात आपोआप येणारे शंख मोठ्या प्रमाणात वाया जातात. सुरुवात तिथून व्हावी, असे मला वाटते. जे शंख तसेही मरणार आहेत ते जिवंतपणीच निवडून, खाऱ्या पाण्यात ठेवून, बंदरावरच विकले गेले तर खलाशांच्या हाती चार पैसे येतील आणि खडपावरच्या वेचणीवर ताण येणार नाही. लहान शंख मात्र जिवंत असतानाच परत पाण्यात गेले पाहिजेत. त्यांचे झाकण मजबूत असल्यामुळे थोडा वेळ डेकवर राहूनही ते जगू शकतात. पिंजऱ्यांची मासेमारी त्यानंतरचा विचार. ती सुरू करायचीच असेल तर बॅबिलोनियापुरती, किमान मापाचा नियम ठरवून, आणि मादी कोष घालते तो काळ सोडून. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असतेच, पण शंखांचा प्रजननकाळ त्याच दोन महिन्यांत बसतो असे गृहीत धरू नये. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे हे तपासण्याची क्षमता आहे. मच्छीमार सोसायट्यांनी तशी मागणी लेखी करावी.

खडपावरचे नेरिटा आणि इतर लहान शंख यांना बाजारात आणण्यास माझा ठाम विरोध आहे. ते आज घरापुरते वेचले जातात आणि तेवढ्याला खडप पुरून उरते. त्यांना किलोचा भाव लागला, तर ओहोटीच्या एका सकाळी अख्खा कातळ मोकळा होऊ शकतो.

मुचकुंदी

उत्तराबद्दल आभार. पचनग्रंथीची माहिती घरी वाचून दाखवली आणि यापुढे तो भाग काढूनच शंख शिजवायचे ठरले आहे. आमच्या गावच्या सोसायटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. किमान माप आणि लहान शंख परत सोडणे हे दोन मुद्दे लेखी मांडायचे असतील, तर माप कवचाच्या लांबीवर घ्यावे की रुंदीवर?

भरतीओहोटी

लांबीवर, म्हणजे शिखराच्या टोकापासून खालच्या नळीच्या टोकापर्यंत. युरोपातही मोजणी अशीच होते. शिखराचे टोक झिजलेले असण्याची शक्यता असते, म्हणून अर्जात झाकणाच्या लांबीची नोंद घेण्याचीही सूचना करा. व्हेल्कच्या झाकणावर वाढीची वलये उमटतात आणि वयाचा अंदाज घेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. बंदरावर जाळ्यातून आलेल्या शंखांची अशी लांबीची नोंद काही महिने ठेवलीत, तर महाविद्यालयाकडे जाताना तुमच्या हातात मागणीबरोबर मापांची वहीही असेल.